एलपीटी-वन कुठं गेलं? जुना प्रिंटर, नवा कॉम्प्युटर आणि मधला पन्नास वर्षांचा इतिहास

विज्ञानात पीएचडी करणाऱ्या माणसाला गावाकडं संशोधनाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते 'प्रिंटर चालत नाही, बघता का जरा?' एवढंच. मी वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर काम करतो. त्यातला निम्मा वेळ सेन्सर बनवण्यात जातो आणि उरलेला निम्मा त्याचा सिग्नल कॉम्प्युटरपर्यंत पोचवण्यात. या दुसऱ्या कामाला आमच्याकडं इंटरफेसिंग म्हणतात. दोन यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या तारेवरून, कोणत्या क्रमानं आणि किती वेगानं बोलायचं, एवढाच त्याचा विषय. म्हणजे प्रिंटरचा प्रश्न तसा माझ्या विषयातलाच आहे. म्हणून मागच्या लेखात सांगितलेला आलेखांचा भाग या वेळी बाजूला ठेवतो आणि एका केबलचा इतिहास सांगतो.

फुलंब्रीतलं एक कृषी सेवा केंद्र. बी-बियाणं, खतं, औषधं. मक्याच्या, कपाशीच्या आणि अद्रकीच्या हंगामात इथं पाय ठेवायला जागा नसते. काउंटरच्या टोकाला एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, रंग मूळचा पांढरा, आता चहासारखा. दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेला कागद खालच्या खोक्यातून वर येतो, प्रिंटर करकर करतो आणि एका झटक्यात तीन प्रती निघतात: पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी दुकानाला, पिवळी फाइलला. त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात बंद पडला. नवा आणला, त्याला मागं-पुढं सगळीकडं यूएसबीचीच भोकं. प्रिंटरची ती बोटाएवढी जाड केबल, टोकाला पंचवीस पिनांचा चपटा कनेक्टर, ती लावायला जागाच नाही. दुकानदार काकांचं म्हणणं साधं होतं: "सर, प्रिंटर ठणठणीत हाय. कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही एवढंच."

हे 'ओळखत नाही' काकांनी सहज म्हटलं, पण तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर आहे. त्याकडं पुढं येतो.

आधी एक शंका मिटवू. नवा प्रिंटर का घेत नाहीत? लेझर आणि इंकजेट प्रिंटर कागदाला धक्का देत नाहीत. एक शाई शिंपडतो, दुसरा पावडर भाजून चिकटवतो. डॉट मॅट्रिक्समध्ये बारीक सुया रिबनवर आदळतात, आणि आदळतात म्हणूनच खालच्या कार्बनच्या प्रतींवरही अक्षर उमटतं. तीन प्रती एकाच वेळी, एकाच ठोक्यात. नंतर कुणी एका प्रतीत आकडा बदलला तर उरलेल्या दोन प्रती साक्षीला असतात. थर्मल पावती स्वस्त आणि झटपट, हे खरं. पण ती उष्णतेनंच काळी होते आणि उष्णतेनंच विरते. आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेली थर्मल पावती पोळ्यापर्यंत कोरी झालेली मी पाहिली आहे.

पावती कोरी झाली तर काय बिघडतं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. २०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांनी बियाण्याबद्दल लेखी तक्रारी केल्या. तक्रारीसोबत बियाणं विकत घेतल्याचं पक्कं बिल लागत होतं. ज्याच्याकडं बिल, त्याची तक्रार उभी राहिली. बियाणं उगवलं नाही, बोगस निघालं, तरीही हेच: पावती, पिशवी आणि पिशवीवरचं लेबल. त्यामुळं त्या चहाच्या रंगाच्या डब्याला काका जपतात यात जुन्या वस्तूचं कौतुक कमी आणि हिशोब जास्त आहे.

आता इतिहास. गोष्ट अमेरिकेतल्या वँग लॅबोरेटरीज या कंपनीपासून सुरू होते. शांघायमध्ये जन्मलेले आन वँग यांची ही कंपनी टेबलावरचे कॅल्क्युलेटर बनवायची. तिच्यातूनच सेंट्रॉनिक्स नावाची कंपनी निघाली. रॉबर्ट हॉवर्ड आणि प्रेंटिस रॉबिन्सन यांनी आन वँग यांच्यासोबत एक स्वस्त प्रिंटर उभा केला. सात सुयांची एक उभी रांग, प्रत्येक सुईमागं एक छोटं विद्युतचुंबक. १९७० मध्ये सेंट्रॉनिक्सचं मॉडेल १०१ बाजारात आलं. त्याला जोडणी कोणती द्यायची? वँगच्या गोदामात जुन्या कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले छत्तीस पिनांचे सुमारे वीस हजार कनेक्टर पडून होते. प्रिंटरला प्रत्यक्षात लागत होत्या एकवीस तारा. तरी कनेक्टर छत्तीस पिनांचाच घेतला, कारण तो फुकटात हाताशी होता. पुढची तीस वर्षं जगभरातल्या प्रिंटरच्या पाठीला जो कनेक्टर दिसला, तो असा गोदामातल्या शिल्लक मालातून आलेला आहे. काकांच्या प्रिंटरच्या मागं दोन तारेच्या क्लिपांनी अडकवलेलं जे रुंद तोंड आहे, ते हेच.

आत काय चालतं ते फार साधं आहे, आणि त्या साधेपणामुळंच ते टिकलं. एक अक्षर म्हणजे आठ बिट. आठ बिटांना आठ तारा. 'ए' पाठवायचा तर त्या आठ तारांवर एकाच वेळी ५ व्होल्ट किंवा शून्य व्होल्ट ठेवायचे. सगळे बिट शेजारी शेजारी एकदम जातात म्हणून याला समांतर, म्हणजे पॅरलल, म्हणतात. मग नववी तार, स्ट्रोब. ती क्षणभर, एखाद्या मायक्रोसेकंदासाठी, खाली ओढायची. अर्थ: 'ठेवलंय, उचल.' प्रिंटर अक्षर उचलतो आणि बिझी नावाची तार वर करतो: 'थांब, काम चालू आहे.' झालं की बिझी खाली, आणि ॲक नावाच्या तारेवर एक छोटी पोच. कागद संपला तर त्याची वेगळी तार. प्रिंटर चालू आहे का, त्याची वेगळी. काही चुकलं, त्याची वेगळी. हमाल पोती उतरवताना जसा 'घे' आणि 'थांब' असा ओरडा चालतो, तेवढंच हे संभाषण. मल्टिमीटर घेऊन बसलात तर कागद संपल्याची तार वर गेलेली डोळ्यांनी पाहता येते. यूएसबीत असलं काही दिसत नाही.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यांनी हीच पद्धत घेतली, फक्त कॉम्प्युटरच्या बाजूला छत्तीसऐवजी पंचवीस पिनांचा कनेक्टर बसवला, कारण कार्डाच्या अरुंद पट्टीवर छत्तीस मावत नव्हते. म्हणून ती केबल दोन टोकांना दोन वेगळ्या तोंडांची असते. आयबीएमनं त्या पीसीसोबत स्वतःच्या नावानं जो प्रिंटर विकला, तो मुळात जपानच्या एप्सनचा एमएक्स-८० होता. सेकंदाला ऐंशी अक्षरं. एप्सननं प्रिंटरला हुकूम देण्यासाठी काही संकेत ठरवले. आधी २७ हा आकडा पाठवायचा, ज्याला एस्केप म्हणतात, आणि त्याच्यामागं हुकूम. २७ नंतर ६४ पाठवला की प्रिंटर मूळ स्थितीत येतो. हे संकेत इतके पसरले की पुढं कुणीही डॉट मॅट्रिक्स बनवला तर 'एप्सनसारखा चालतो' असं खोक्यावर लिहायची पद्धत पडली. भारतातले टीव्हीएसचे एमएसपी मालिकेतले प्रिंटर घ्या किंवा विप्रोतून पुढं वेगळ्या झालेल्या वेपचे, सगळ्यांना ही भाषा येते. आज कालबाह्य झालेल्या कंपनीचा प्रिंटरही त्यामुळं चालवता येतो. तार एकसारखी आणि हुकूम एकसारखे.

कॉम्प्युटरच्या आत या पोर्टला पत्ता असायचा. चालू होताना मशीन ठरलेले तीन पत्ते तपासायचं, जिथं पोर्ट सापडेल त्याला क्रमानं एलपीटी-वन, टू, थ्री अशी नावं द्यायचं. बहुतेक मशीनवर तो पत्ता सोळाच्या पद्धतीतला ३७८. प्रोग्रामनं ३७८ वर आकडा लिहिला की तो जसाच्या तसा आठ तारांवर उभा. मध्ये ड्रायव्हर नाही, परवानगी नाही. ३७९ वाचला की बिझी, कागद, चूक या तारांची स्थिती हातात.

याचा फायदा प्रिंटरवाल्यांइतकाच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी घेतला. आठ तारा बाहेर, पाच तारा आत, किंमत शून्य. एलईडी लावा, मोटर फिरवा, तापमान मोजा. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरनं फिनिक्स नावाचं प्रकल्पयंत्र कॉलेजांसाठी काढलं, भौतिकशास्त्राचे प्रयोग कॉम्प्युटरवर करण्यासाठी, त्याची पहिली आवृत्ती याच प्रिंटर पोर्टला लागायची. पुढं तेच काम एक्सपआईज नावानं यूएसबीवर आलं. माझ्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांचं इंटरफेसिंग या पोर्टावर सुरू झालं. पोर्ट जाळूनच बरेच जण शिकले, असं आमचे सर म्हणतात.

पण हा पोर्ट भारतात घराघरांत पोचला तो प्रयोगांमुळं नव्हे. पोचला तो कागदपत्रांमुळं. बँकांच्या यांत्रिकीकरणावरची रंगराजन समिती १९८३-८४ मधली. त्या काळात शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आली, आणि त्यांच्या शेजारी प्रिंटर आले. जमिनीच्या नोंदींच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा होता. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, वारणानगरच्या सहकारी पट्ट्यात सत्तर गावं तारेनं जोडायचा प्रकल्प सुरू झाला. ऊस घातला की वजनाची माहिती आणि पावती गावातल्याच केंद्रावर मिळावी, कारखान्यावर हेलपाटा नको, ही त्यातली एक सोय. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. लोकांना कॉम्प्युटर दिसला तो कागदातून. पडद्यावर काय चाललंय ते खिडकीच्या अलीकडून दिसत नव्हतं, पण करकर आवाज आला म्हणजे आपलं काम झालं हे कळायचं.

आता खरी गंमत आहे ती मराठीची. इंग्रजी अक्षरांचे आकार प्रिंटरच्या पोटात कोरलेले असतात. कॉम्प्युटरनं ६५ पाठवला की प्रिंटर स्वतःच 'ए' काढतो. एक अक्षर, एक बाइट. देवनागरी मात्र त्याच्या पोटात नव्हती. शिरोरेषा, वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, हे सगळं नऊ सुयांच्या एका फटक्यात मावतही नाही. नऊ सुयांच्या प्रिंटरमध्ये उभ्या दिशेनं इंचाला ७२ ठिपके. तेवढ्यात 'र्त्स्न्यू' काढून दाखवा म्हणजे कळेल. म्हणून कॉम्प्युटरनंच अक्षराचं चित्र करायचं आणि ठिपके-ठिपके पाठवायचे.

किती फरक पडतो? हिशोब करू. आठ इंच रुंद ओळ, ऐंशी इंग्रजी अक्षरं: ऐंशी बाइट. तीच ओळ चित्र म्हणून, इंचाला १२० उभे स्तंभ धरले तर आठ गुणिले १२०, म्हणजे ९६० बाइट, आणि तेही आठ सुयांच्या एका फेरीचे. मराठी ओळीला किमान दोन फेऱ्या धरा: १,९२०. इंग्रजीच्या चोवीस पट. चोवीस सुयांचा प्रिंटर, इंचाला १८० ठिपके, घेतला तर एका स्तंभाला तीन बाइट, १,४४० स्तंभ, ४,३२० बाइट. चौपन्न पट. अक्षर सुबक येतं, पण प्रत्येक ओळीला मशीन आणि तार दोघांनाही जास्त राबावं लागतं. सातबारा छापायला वेळ लागतो म्हणून त्या काळी जी कुरकूर व्हायची, तिच्यात या गुणाकाराचाही वाटा होता.

यावर तोडगा काढणाऱ्यांत पुण्याचं नाव मोठं आहे. भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरला सुरू झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते काम तिथं वाढलं. जिस्ट कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आत खोचायची एक पाटी. ती बसवली की इंग्रजीसाठी लिहिलेला डॉसचा साधा प्रोग्रामही पडद्यावर देवनागरी दाखवायचा. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच सांकेतिक तक्ता असावा म्हणून इस्की हे मानक आलं, १९९१ मध्ये ते आयएस १३१९४ म्हणून ठरलं. आज तुम्ही मोबाइलवर जे मराठी वाचताय त्या युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणजे कोड जगला. कार्ड मात्र गेलं, कारण ते ज्या आयएसए खाचेत बसायचं ती खाचच मदरबोर्डवरून गेली. पुढं श्रीलिपी, आयएसएम असली मराठी सॉफ्टवेअर विंडोजवर आली, तेव्हा चोरी होऊ नये म्हणून सोबत डोंगल नावाचं कुलूप मिळायचं. सुरुवातीच्या काळातली असली कुलपं प्रिंटरच्याच पोर्टाला लागायची, आणि प्रिंटर त्या कुलपाच्या मागं. जुन्या डीटीपीवाल्यांना एका पोर्टाला लटकलेली ती आगगाडी आठवत असेल.

आता 'ओळखत नाही' कडं.

मूळ सेंट्रॉनिक्स जोडणीत डेटा एकाच दिशेनं जायचा. प्रिंटर फक्त हो, नाही, थांब एवढंच म्हणू शकायचा. स्वतःचं नाव सांगायला त्याच्याकडं तोंडच नव्हतं. १९९४ मध्ये आयईईई १२८४ हे मानक आलं, त्यात दोन्ही दिशांनी बोलायची सोय झाली आणि 'डिव्हाइस आयडी' ही कल्पना आली: कोण बनवलं, मॉडेल कोणतं, कोणती भाषा येते. त्याआधीचे प्रिंटर, आणि नंतरचेही बरेच स्वस्त प्रिंटर, हे सांगत नाहीत. आधार कार्ड नसलेल्या म्हाताऱ्यासारखं आहे. माणूस समोर उभा आहे, गाव त्याला ओळखतं, पण यंत्राला अंगठा लागत नाही.

यूएसबीचं पहिलं मानक १९९६ च्या जानेवारीत आलं. इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांचं ते काम. इंटेलच्या बाजूनं त्यात पुढं होते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांच्या नावाचं विद्यापीठ, एवढं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घरी प्रिंटर जोडताना होणारा वैताग या कल्पनेमागं होता असं भट्ट यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे. म्हणजे समांतर पोर्टाला संपवणारी गोष्ट प्रिंटरच्याच त्रासातून निघाली. १९९८ मध्ये ॲपलच्या आयमॅकनं जुनी पोर्ट काढूनच टाकली आणि मग बाकीचे हळूहळू त्याच वाटेनं गेले.

यूएसबीची रीत उलटी आहे. आठ तारा शेजारी शेजारी नाहीत, डेटाच्या दोनच, बिट एकामागं एक. वस्तू जोडली की कॉम्प्युटर आधी तिची चौकशी करतो: तू कोण, कोणत्या जातीची, किती वीज लागेल? प्रत्येक वस्तूचा वर्ग ठरलेला. प्रिंटरचा वर्ग सात. उत्तर नीट आलं तरच पुढं बोलणं.

इथं मला अभ्यासात सापडलेली एक फार आवडती गोष्ट सांगतो. यूएसबीच्या प्रिंटर वर्गाच्या मानकात खास प्रिंटरसाठी तीनच विनंत्या आहेत. एक, तुझी आयडी सांग. ही १२८४ चीच आयडी. दोन, रिसेट हो. तीन, पोर्टची स्थिती सांग. तिसरीच्या उत्तरात एक बाइट येतो आणि त्यात तीन बिट अर्थाचे असतात: पाचवा बिट कागद संपला, चौथा प्रिंटर निवडलेला आहे, तिसरा चूक नाही. आता जुन्या पीसीचा ३७९ हा पत्ता आठवा. तिथंही पाचवा बिट कागद, चौथा निवड, तिसरा चूक. क्रमही तोच. म्हणजे आज दुकानातून आणलेला कोरा करकरीत यूएसबी लेझर प्रिंटर 'कागद संपला' असं सांगतो तेव्हा तो १९८१ च्या तारांच्या क्रमानंच सांगत असतो. तारा गेल्या, त्यांच्या जागा राहिल्या. इतिहास म्हटलं की आपण ताम्रपट आणि बखरी शोधतो, पण असले अवशेष बिटांतही सापडतात.

यामुळंच बाजारात मिळणारी 'यूएसबी टू पॅरलल' केबल शक्य होते. तिच्या जाड टोकात एक चिप असते. कॉम्प्युटरला ती सांगते, 'मी सात नंबरच्या वर्गातली, प्रिंटर आहे.' प्रिंटरच्या बाजूनं ती आठ तारा उचलते, स्ट्रोब मारते, बिझी पाहते. दुभाषी म्हणा. पण हा दुभाषी एक गोष्ट करत नाही, आणि लोकांचा गोंधळ तिथंच होतो. ही केबल कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट देत नाही. ३७८ पत्ता तयार होत नाही, एलपीटी-वन येत नाही. विंडोजला दिसतं ते यूएसबी-००१ नावाचं आभासी पोर्ट. डोंगल तिच्यावर चालत नाही, माझ्यासारख्याचे एलईडी चालत नाहीत. फक्त छपाई चालते.

फुलंब्रीत केबल लावल्यावर हेच दिसलं. विंडोजनं 'काहीतरी प्रिंटर आहे' एवढं मानलं, नाव विचारलं, उत्तर आलं नाही. म्हणून प्रिंटर हातानं जोडायचा: पोर्ट यूएसबी-००१ आणि ड्रायव्हर 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली'. चाचणीचं पान करकर करत बाहेर आलं. काका खूश. पण बिलाचा प्रोग्राम फॉक्सप्रोमधला, डॉसचा, वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेला. त्याला यूएसबी हा शब्दच माहीत नाही. तो एलपीटी-वनला हाक मारतो आणि वाट बघत बसतो.

जुना बत्तीस बिटी विंडोज असता तर एक सोपी वाट होती. प्रिंटर शेअर करायचा आणि काळ्या खिडकीत 'नेट यूज एलपीटी-वन' असा हुकूम देऊन ते नाव त्या शेअरकडं वळवायचं. टपाल खात्यात पत्ता बदलल्याचा अर्ज देतात तसं. पण नवा कॉम्प्युटर चौसष्ट बिटी. तिथं डॉसचे सोळा बिटी प्रोग्राम उघडतच नाहीत. मग डॉसबॉक्स-एक्स हा एम्युलेटर घेतला. तो विंडोजच्या आत डॉसच्या मशीनचं सोंग घेतो, एलपीटी-वनसकट. त्याच्या सेटिंगमध्ये सांगता येतं की एलपीटी-वनवर जे येईल ते फाइलमध्ये लिही. ती फाइल एका छोट्या बॅच प्रोग्रामनं शेअर केलेल्या प्रिंटरला जशीच्या तशी, बायनरी म्हणून, कॉपी करायची. बायनरी महत्त्वाचं, कारण मध्ये ते २७ वाले हुकूम असतात, एकही बाइट बदलला तर अक्षरं आडवी-तिडवी होतात. असं चालू झालं. तीन प्रती, रांगेत, आकडे रकान्यात.

लॅपटॉप नसेल आणि टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर एकदा मदरबोर्ड उघडून पाहा, हे मी सगळ्यांना सांगतो. काही बोर्डांवर मागं पोर्ट नसतं, पण आत एलपीटी असं लिहिलेली पिनांची दुहेरी रांग असते. तिला पट्टी जोडली की खरंखुरं पोर्ट मिळतं, पत्त्यासकट. पीसीआय एक्सप्रेसचं कार्डही मिळतं. त्याचा पत्ता मात्र बहुधा ३७८ नसतो, आणि हट्टी जुने प्रोग्राम तिथं अडतात.

काकांनी नंतर विचारलं, बिलावर शेतकऱ्याचं नाव मराठीत येईल का? आत्तापर्यंत नावं इंग्रजी मोठ्या लिपीत छापली जातात, आणि एकाच माणसाचं नाव तीन बिलांवर तीन स्पेलिंगांनी. तक्रारीच्या वेळी सातबाऱ्यावरचं मराठी नाव आणि बिलावरचं इंग्रजी नाव जुळवताना कारकून भुवया उंचावतो. येईल, पण 'टेक्स्ट ओन्ली'तून नाही. त्याला देवनागरी दिली की प्रश्नचिन्हं किंवा कचरा येतो. विंडोजमधला नवा प्रोग्राम, एप्सनचा जुळणारा ड्रायव्हर, आणि पुन्हा तेच चोवीस पटींचं चित्र. तार आता कितीही वेगवान असली तरी सुया तेवढ्याच वेगानं आदळणार. हंगामात दारात वीस माणसं उभी असताना एका बिलाला किती सेकंद द्यायचे, हा निर्णय त्यांचा आहे. मी सुचवलं ते असं: बाकी बिल इंग्रजीत, फक्त नाव आणि गाव या दोन ओळी चित्र म्हणून.

शेवटी माझ्या प्रयोगशाळेचं. आमच्याकडं एक जुनं मोजमापाचं उपकरण आहे. मोजतं उत्तम, पण निकाल बाहेर द्यायची त्याची एकच वाट आहे, मागचं पॅरलल पोर्ट. त्याला जोडलेला प्रिंटर केव्हाच गेला. मित्रानं सुचवलं, तीच यूएसबीची केबल उलटी लाव. उलटी चालत नाही. ती चिप यूएसबीच्या बाजूला कॉम्प्युटर आणि पॅरललच्या बाजूला प्रिंटरच धरून चालते. इथं पॅरललच्या बाजूला बोलणारं उपकरण आहे, आणि आम्हाला प्रिंटर बनून ऐकायचं आहे.

म्हणून सध्या मी प्रिंटरचं सोंग घेणारा डबा बनवतोय. स्ट्रोबची ठिणगी मायक्रोसेकंदाची, साधा मायक्रोकंट्रोलर कधी कधी तेवढ्यात जागा होत नाही. त्यामुळं मध्ये ७४एचसी५७४ ही लॅच चिप घातली आहे: स्ट्रोब संपताना ती आठही बिट धरून ठेवते, आणि शेजारची ७४एचसी७४ त्याच क्षणी बिझी वर करते. मग मायक्रोकंट्रोलर सावकाश वाचतो, यूएसबीवरून पुढं पाठवतो, बिझी खाली करतो आणि पोच देतो. उपकरणाला वाटतं कागदावर छापतंय. पहिल्या चाचणीत त्यानं पाठवलेले पहिले दोन बाइट होते २७ आणि ६४.